खिशातली वही आणि शिवडीचा संगणक

मागे एका खरिपात खाडीकाठच्या एका ताईंनी ई-पीक पाहणीची नोंद फोनमध्ये भरली. भाताचा फोटो काढला, गट नंबर घातला, सगळे व्यवस्थित केले. शेतात नेट मिळेना, म्हणून नोंद फोनमध्येच राहिली. घरी गेल्यावर वर पाठवू म्हणाल्या आणि राहून गेले. चार दिवसांनी फोन पाण्यात पडला, मुलाने नवा आणला. सातबाऱ्यावर पीक चढले नाही. पुढे सहायकामार्फत नोंद करून घेताना त्यांचे तीन दिवस मोडले. मला म्हणाल्या, "साहेब, मी तर भरलं होतं की हो!"

भरले होते हे खरेच होते. मी त्यांना काय बोलणार? वीस वर्षांपूर्वी हीच चूक मी स्वतः केली आहे, आणि तिचे नुकसान तीन दिवसांत भरून निघण्यासारखे नव्हते. निवृत्तीला आता थोडेच दिवस उरले आहेत, तेव्हा ती हकिगत सांगून टाकतो. ती घडली पेणच्या खारेपाटात आणि मुंबईच्या शिवडीत.

माझी थोरली ताई शिवडीच्या बीडीडी चाळीत राहते. भाऊजी गोदीत कामाला होते. २००३ साली त्यांच्या ओळखीच्या एका जहाजावरच्या माणसाने परदेशातून एक यंत्र आणले होते, ते भाऊजींनी मला दिले. म्हणाले, "तुम्ही सारखे वहीत लिहीत असता आणि वही सारखी चिखलात पडते. हे घ्या." पाम कंपनीचे एम-१०० नावाचे ते यंत्र तळहातावर मावणारे होते. पडदा काळापांढरा, घड्याळ-रेडिओत घालतो तसले बारीक दोन सेल, आणि लिहायला प्लास्टिकची काडी. काडीने खालच्या चौकोनात एकेक अक्षर गिरवायचे की वर पडद्यावर ते उमटे. अक्षरेही त्याच्या पद्धतीने काढावी लागत. इंग्रजी 'ए' काढताना मधली आडवी रेघ द्यायची नाही, नुसते घराचे छप्पर काढायचे. आठवडाभर हात चुकला, मग बसला.

ही यंत्रे कशी जन्माला आली त्याची एक गोष्ट मला फार आवडते. पामचे पहिले यंत्र १९९६ साली अमेरिकेत निघाले. ते बनवणाऱ्या जेफ हॉकिन्स यांनी आधी त्याच मापाचा एक लाकडी ठोकळा करून घेतला आणि तो खिशात घालून हिंडत राहिले. कोणी काही विचारले की ठोकळा काढायचा आणि त्यावर लिहिल्यासारखे करायचे. वापरणाऱ्याच्या खिशाला आणि हाताला काय सोसते ते आधी पाहिले, यंत्र मागाहून केले. आपल्याकडची कित्येक अवजारे करणाऱ्यांनी इतके केले असते तर बरे झाले असते. असो.

आता मी त्यात काय लिहीत होतो ते सांगतो. ज्यांनी खारेपाट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात एवढेच की, पेण-अलिबागकडे खाडीच्या काठाने भाताची जी सपाट जमीन आहे ती मुळात भरतीच्या पाण्याखालची. बाहेरून मातीचा बांध घालून खाडीचे पाणी अडवले, म्हणून ती पिकते. त्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात. पावसाचे पाणी बाहेर जावे आणि भरतीचे आत येऊ नये म्हणून त्यात उघाड्या ठेवलेल्या असतात. उधाणात बाहेरकाठ्याला खांड गेली की खारे पाणी शेतात शिरते. ते ओसरले तरी मीठ मातीत राहते, आणि दुरुस्ती लांबली की त्याच शेतात तिवरे उगवू लागतात.

मिठाचा अंदाज मातीच्या अर्कातून वीज किती वाहते त्यावरून बांधतात. हे माप चार डेसीसायमनच्या वर गेले की जमीन क्षारयुक्त धरतात, आणि भात तर त्याआधीच, तीनच्या आसपास, कुरकुरू लागतो. मे महिन्यात हे माप सर्वांत चढे असते. पाऊस पडून मीठ धुपले की खाली येते. कोणत्या शेतात किती आणि कधी खाली येते त्यावर पेरणीचा दिवस आणि बियाणे ठरवायचे. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेले पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ हे वाण थोडेफार मीठ सोसतात, पण त्यालाही हद्द आहे. मोड आणलेले बी फेकून रहू करायचा तर बियाण्याची सगळी भिस्त पहिल्या पंधरा दिवसांच्या मातीवर. म्हणून मी शेतवार टिपणे ठेवत होतो. तारीख, शेताचे नाव, माप, उघाडीची अवस्था, पेरलेला वाण, उगवण.

काल की काळ, बंद की बांध

यंत्राला देवनागरी येत नव्हती. मराठीच, पण रोमन अक्षरांत लिहायचे. लिहिताना काही वाटत नाही, दोन महिन्यांनी वाचताना कळते. 'काल' आणि 'काळ' यांत फरक उरत नाही, 'भात' आणि 'भाट' सारखेच दिसतात. उघाडी 'बंद' आहे की उघाडीचा 'बांध', हे तर माझे मलाच कळेना. शिवाय एका टिपणात चार हजार अक्षरांपलीकडे मावत नसे. मजकूर वाढला की दुसरे टिपण उघडायचे आणि पहिल्याला जोड कोणती हे डोक्यात ठेवायचे.

हे सारे संगणकावर उतरवायचे काम शिवडीत होई. माझा भाचा तेव्हा कॉलेजात होता आणि त्याने जुन्या बाजारातून एक संगणक जमवला होता. एकशेसाठ चौरस फुटांच्या त्या खोलीत शिवणयंत्राच्या पाटावर तो संगणक असे, आणि तो चालू केला की ताईला भाजी चिरायला बाहेर गॅलरीत बसावे लागे. मी महिना-दीड महिन्यातून पेणहून एसटीने पनवेलला आणि तिथून हार्बरच्या गाडीने शिवडीला जात असे. भाचा यंत्राला तार जोडी, बटण दाबले की दोन्ही बाजू एकमेकींशी बोलत. यंत्रात नवे असेल ते संगणकावर जाई, संगणकावर दुरुस्त केले असेल ते यंत्रात येई. एसटीच्या वाहकाचे तिकीट यंत्र ड्युटी संपल्यावर आगारात संगणकाला जोडून दिवसाचा हिशेब उतरवून घेत, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच की वाहकाचा हिशेब एका दिशेने जाई, माझा दोन्हीकडे.

त्या दुतर्फा प्रकारानेच पहिली अडचण केली. २००४ च्या मे महिन्यात भाच्याने माझ्या मदतीसाठी म्हणून संगणकावर काही टिपणे सुधारली, स्पेलिंगे सरळ केली. इकडे मीही शेतात उभा राहून त्याच टिपणांत नवी मापे घातली होती. जूनमध्ये तार जोडली तर एकेका शेताची दोन-दोन टिपणे! एकाच नोंदीत दोन्हीकडे बदल झाला तर यंत्र कोणाचीच बाजू घेत नसे, दोन्ही ठेवून देई. विचार केला तर ते शहाणपणाचेच म्हटले पाहिजे. एका बाईंच्या शेताला एका टिपणात ८.४ होते आणि दुसऱ्यात ६.१. नवरा गेलेला, दोन लहान मुले, आणि बियाणे आणायचे की नाही हे त्या माझ्या शब्दावर ठरवणार होत्या. मी आठवून पाहिले, आठवेना. परत जाऊन शेतात नवे माप घेतले तेव्हा उलगडा झाला. ८.४ हे जुने होते. भाच्याने ते हलवलेही नव्हते, नुसते शेजारचे स्पेलिंग सुधारले होते. तेव्हापासून आम्ही ठरवले की दुरुस्ती एकाच जागी करायची. शेतातला मजकूर मी यंत्रात बदलेन, संगणकावरच्या प्रतीला भाच्याने हात लावायचा नाही.

तार जोडलेली असताना मला खोलीत काही काम नसे, मग मी जेट्टीकडे चक्कर मारत असे. ओहोटी असली की शिवडीचा सगळा किनारा चिखलाचा होतो, आणि मे महिन्यापर्यंत त्यात रोहित पक्षी हजारांनी उभे असतात. मुंबईची माणसे पक्षी बघत, माझे लक्ष चिखलाकडे आणि तिवरांकडे जाई. तोच चिखल, तीच तिवरे, समोर पाण्यापलीकडे आमचा रायगड. स्टेशनच्या बाजूला गोऱ्या लोकांची जुनी दफनभूमी आहे. ती जागा एके काळी कृषी आणि बागायत संस्थेची बाग होती आणि १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड यांनी ती दफनभूमीसाठी घेतली, हे मला फार उशिरा कळले. पुढचे स्टेशन कॉटन ग्रीन, तिथे एके काळी कापसाची वखार होती. म्हणजे शेतीचा आणि शिवडीचा संबंध माझ्या यंत्रापासून सुरू झाला असे कोणी समजू नये.

जून ते ऑगस्ट २००५

आमच्या गावात एक आजोबा होते. वय ऐंशीच्या पुढे. बाहेरकाठ्याची डागडुजी गावाच्या जोळाने होत असे त्या काळात त्यांनी स्वतः बांधावर माती टाकलेली. सरकारचा खारजमीन विकासाचा कायदा झाला १९७९ साली, त्यांची आठवण त्याच्या फार मागची. कोणती खांड कोणत्या साली गेली, कोणत्या उघाडीचा लाकडी दरवाजा कुठल्या बाजूने कुजतो, बांध पूर्वी कोणत्या रेषेत होता आणि मागे का आणला, प्रत्येक खाजणाचे नाव आणि ते नाव का पडले, हे सर्व त्यांना मुखोद्गत. २००५ च्या मेमध्ये मी त्यांच्या पडवीत बसून लिहून घ्यायला लागलो. ते सांगत, मी काडीने टिपत असे. ते मधूनच हसून म्हणत, "त्या डबीत मावंल का एवढं?"

तीन बैठका झाल्या. पहिली मेअखेर, दुसरी आणि तिसरी जूनच्या उत्तरार्धात. मधल्या ५ जूनच्या रविवारी मी शिवडीला जाऊन आलो होतो. तिसऱ्या बैठकीनंतर पुन्हा जायचे होते, पण पेरण्या सुरू झाल्या, मग लावणी.

२६ जुलैचा पाऊस सर्वांच्या लक्षात आहे. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. आमच्या जिल्ह्यात महाडकडे दरडी कोसळून गावेच्या गावे गाडली गेली. खारेपाटात आठ दिवस वीज नव्हती. मी पंचनाम्याच्या कामात रात्रंदिवस, आणि यंत्र सेल संपत आल्याची सूचना देत होते. मी ती काडीने बंद करीत होतो. शेवटी पडदा उठेना. कंदिलाच्या उजेडात दोन्ही सेल काढून ठेवले. नवे कुठे मिळेनात, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाले.

त्या यंत्रातली स्मृती सेलवरच जगत होती. सेल बदलायला एखादे मिनीट मिळे. तेवढा वेळ ते कसेबसे धरून ठेवी, पुढे सगळे पुसले जाई. ही गोष्ट सोबतच्या पुस्तिकेत लिहिलेली होती आणि मी ती वाचलेलीही होती. नवे सेल घातले तेव्हा यंत्र उठले ते कारखान्यातून आल्यासारखे कोरे.

आजोबांना पुन्हा विचारू, असे मनाशी म्हणालो. पण पुरात भिजल्याने त्यांना ताप भरला होता, आणि श्रावण संपायच्या आत ते गेले.

ऑगस्टच्या अखेरीस शिवडीला गेलो. यंत्र भाच्यासमोर ठेवले आणि झाले ते सांगितले. मी तार जोडायला गेलो तर त्याने हात धरला. "मामा, थांबा. कोरं यंत्र जोडताय. उलटी दिशा लागली तर इथलंही कोरं होईल." आधी त्याने संगणकातली माझी सगळी कप्पी एका सीडीवर उतरवून घेतली, त्या सीडीवर ती उघडते का ते पाहिले, आणि मग तार जोडली. एकवीस वर्षांच्या पोराने दाखवलेली ती सावधगिरी मी आजही पाळतो. टिपणे परत आली, ५ जूनपर्यंतची सर्व. शेतवार मापे बहुतेक वाचली. आजोबांची पहिली बैठक वाचली. दुसरी आणि तिसरी गेली ती गेलीच.

पुढे आजोबांचा मुलगा माझ्याकडे आला. "बाबांनी तुम्हाला जे सांगितलं तेवढं लिहून द्या, बाहेरकाठ्याच्या अर्जाला जोडायचं आहे." मी वाचलेला भाग देवनागरीत टंकून, कागदावर छापून दिला. अडीच पाने झाली. त्यात खाजणांची नावे अकरा आहेत. आजोबांनी सांगितली होती तीसच्या वर. खांडींची साले तिसऱ्या बैठकीतली, म्हणून त्यात एकही नाही. मुलगा काही बोलला नाही, पाने घडी करून खिशात घातली.

आता तुमच्या हातात फोन आहे म्हणून

ती खिशातली यंत्रे आता कोणी वापरत नाही. आपल्या देशातही बंगळूरच्या प्राध्यापकांनी गावच्या माणसासाठी 'सिम्प्युटर' नावाचे असले यंत्र केले होते. २००४ मध्ये ते बाजारात आले, पण फारसे विकले गेले नाही. फोन आले आणि त्यांनी सर्वांचे काम स्वतःकडे घेतले. फोनची स्मृती बॅटरी संपली म्हणून पुसली जात नाही, हे फार बरे झाले. पण फोन पाण्यात पडतो, हरवतो, मुले बदलून टाकतात. बचत गटाचे इतिवृत्त, दुधाचा हिशेब, फवारणीची नोंद, सारे फोनमध्ये असते आणि बहुधा फक्त फोनमध्येच असते.

म्हणून अनुभवाच्या काही गोष्टी सांगतो. फोन तारेने संगणकाला जोडला की पुष्कळदा तो नुसता चार्ज होऊ लागतो आणि माणसाला वाटते तार खराब आहे. फोनच्या पडद्यावर वरून खाली बोट ओढा, तिथे यूएसबीची सूचना दिसेल. तिच्यात 'फाइल ट्रान्सफर' निवडले की संगणकाला फोनमधले दिसते. फाइल उचलून नेऊ नका, तिची प्रत न्या. संगणकावर ती उघडून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचून पाहा, आणि मगच फोनमधली पुसायची असेल तर पुसा. तार नसेल तर स्वतःच्याच ईमेलवर पाठवली तरी चालते. व्हॉट्सअपवरून रोगट पानाचा फोटो पाठवताना तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला तर तो बारीक होऊन जातो आणि पानावरचा ठिपका करप्याचा की कडाकरप्याचा हे इकडे आम्हाला ओळखता येत नाही. फाइलला नाव देताना आधी साल, मग महिना, मग दिवस घाला. त्या आपोआप क्रमाने लागतात.

अक्षरांचा घोळ अजून संपलेला नाही. ग्रामपंचायतीत, सोसायटीत जुने मराठी कागद श्रीलिपी, कृतिदेव असल्या फाँटांत टंकलेले आहेत. त्यात मराठी अक्षर इंग्रजी कळीच्या आड लपवलेले असते. तो फाँट ज्या संगणकात नाही तिथे, आणि तुमच्या फोनवर तर हमखास, सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा चिवडा होऊन दिसतो. कागद बिघडलेला नसतो, तेव्हा घाबरून पुसू नका. युनिकोडमध्ये बदलून द्या असे सांगा, बदलून मिळतो. फोनवर आपण टंकतो ते मराठी युनिकोडच असते, त्याला ही भीती नाही. कोष्टकांचे मात्र सांभाळा. माझ्या एका सहकाऱ्याकडे तेव्हा खिशातले दुसरे यंत्र होते, त्यात संगणकावरचा कागद उघडून दोन शब्द सुधारले की कोष्टकाच्या रेघाच गळून पडत. त्यांच्या खतांच्या तक्त्यातले युरियाचे आकडे असे एकदा सुपर फॉस्फेटच्या ओळीत जाऊन बसले. आजही फोनवर कोष्टक सुधारले की संगणकावर एकदा पाहून घ्यावे. आणि एकाच हिशेबात अध्यक्षबाई फोनवर आणि सचिवबाई संगणकावर अशा दोघी एकाच वेळी हात घालू नका. कोणाकडची प्रत खरी, हे आधी ठरवा.

ज्या ताईंची गोष्ट सुरुवातीला सांगितली त्यांनी यंदा काय केले ते सांगतो. शेतातून घरी आल्यावर ओसरीत पाय धुवायच्या आधी नोंद वर पाठवली, आणि ती पोचल्याचे पडद्यावर आले त्याचा फोटो सुनेच्या फोनवर ठेवला. सून हसली म्हणे. हसू दे.

गेल्या महिन्यात शिवडीला गेलो. आता पनवेलला गाडी बदलावी लागली नाही. भाच्याने गाडीने नेले, अटल सेतूवरून, खाडीवरून थेट शिवडीत उतरलो. २०२४ च्या जानेवारीत हा पूल झाला. ताईच्या माळ्यावरच्या पेटीत ते यंत्र अजून आहे, तारेसकट. तार जोडायला लागणारे जुने तोंड आताच्या बहुतेक संगणकांना नसते. ताईने चहा टाकला, भाच्याने खालून दोन सेल आणून घातले. पडदा लागला. काही विचारले नाही, जुने काही दाखवले नाही, फक्त मधोमध एक खूण आली आणि तिच्यावर काडी टेकवा असे इंग्रजीत लिहून आले. आजोबांच्या मुलाला मी त्याच संध्याकाळी फोन केला. त्याची आत्या अजून आहे, नव्वदीची. तिला आणखी सात खाजणांची नावे आठवतात. पुढच्या रविवारी मी तिकडे जाणार आहे, वही घेऊन आणि फोन घेऊन, दोन्ही.